एकपानी नियमावली

"मानवजातीच्या प्रगतीचे दोनच टप्पे आहेत," टीपकाकांनी जाहीर केलं. "बटणाचं नाव ठळक अक्षरांत छापायचं हे ठरण्यापूर्वीचा एक आणि ठरल्यानंतरचा दुसरा. त्यातला पहिला आज संध्याकाळी साडेपाचला संपतोय."

ही घोषणा सकाळी सात वाजता, बेसिनपाशी, तोंडात ब्रश असताना झाली. श्रोतृवर्गात एकटी बायको होती आणि तीही टॉवेल शोधत होती.

"आधी चूळ भरा," ती म्हणाली. "आरशावर फेस उडतोय. कालच पुसलाय मी तो."

टीपकाकांनी चूळ भरली. मोठमोठ्या माणसांनी मोठमोठ्या घोषणा केल्या तेव्हा समोर आरसा होता का, आणि असला तर तो कुणी पुसला, याची नोंद इतिहासकारांनी ठेवलेली नाही. ठेवली असती तर इतिहास बराच आखूड झाला असता.

टीपकाका हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. वाचनालयांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या एका लहानशा कंपनीत, तिसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळच्या टेबलाशी बसून ते गेली बावीस वर्षं माहितीपुस्तिका लिहीत होते. कंपनीत माणसं चौदा. अकरा जण सॉफ्टवेअर करत किंवा करणाऱ्यांचा कारभार बघत, दोघं ते विकत आणि ते वापरायचं कसं हे सांगायला उरलेला एक, म्हणजे टीपकाका. परिच्छेद संपला की खाली 'टीप:' असं लिहून आणखी चार ओळी घातल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. एकदा रजेच्या अर्जाखालीसुद्धा त्यांनी 'टीप: ताप खरा आहे' असं लिहिलं होतं. त्या दिवसापासून ऑफिसात त्यांचं बारसं झालं ते झालंच.

या माणसाला आयुष्यात एकच दुःख होतं, पण ते चांगलं घसघशीत होतं. त्यांनी लिहिलेलं कुणी वाचत नसे. सॉफ्टवेअरचं खोकं आलं की लोक आधी तबकडी काढत, मग तार काढत आणि पुस्तिका खोक्यात तशीच ठेवून खोकं माळ्यावर टाकत. अकरा वर्षांपूर्वी, अगदीच राहवेना तेव्हा, एका पुस्तिकेच्या एकेचाळिसाव्या पानावर त्यांनी बारीक अक्षरांत एक ओळ घातली होती: 'टीप: जो इथवर वाचेल त्याने ऑफिसला फोन करून सतरा नंबर मागावा. त्याला माझ्याकडून चहा.' पुढे प्रत्येक पुस्तिकेत ते ती ओळ एकेचाळिसाव्या पानावर घालत आले. ऑफिसातल्या सतरा नंबरच्या टेबलफोनवर अकरा वर्षांत एक फोन आला होता, तोही शेजारच्या खोलीतून. त्यांच्याकडचा स्टेपलर हवा होता.

अशा माणसाला मॅनेजरबाईंनी एका सोमवारी आपल्या खोलीत बोलावलं. मॅनेजरबाई वयानं त्यांच्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी लहान, बोलायला गोड आणि मुद्द्यावर यायला फार घाई करणाऱ्या होत्या. टेबलावर जुनी पुस्तिका उघडी पडली होती.

"काका, बसा. हे बघा. पान चारवर बटणाचं नाव ठळक. पान सहावर अवतरणात. पान नऊवर लाल. आणि पान बारावर खाली रेघ."

"ते वेगवेगळ्या वर्षी लिहिलेलं आहे," टीपकाका म्हणाले. "त्या त्या वर्षी मला तसं वाटत होतं."

"हो ना. पण वापरणाऱ्याला चार वेगळी बटणं वाटतात." बाईंनी पुस्तिका मिटली. "गावातल्या सार्वजनिक वाचनालयानं आपलं सॉफ्टवेअर घेतलंय. एक तारखेला ते कार्डांची कपाटं बंद करून संगणकावर जाणार. त्यांची पुस्तिका आपण देणार. तर तुम्ही आधी एक पानभर नियम करून घ्या. काय ठळक, काय तिरपं, सूचना कुठे, चित्र कुठे. आणि मग त्याप्रमाणे पुस्तिका लिहा."

"एक पान?"

"एकच पान, काका." मग त्यांनी आवाज आणखी गोड केला. "मालक विचारत होते, पुस्तिकेला वेगळा माणूस कशाला लागतो. मी म्हटलं, वाचनालयाचं होऊ दे. त्यांचं काम आपल्याला फोन न करता चाललं, तर पुस्तिका कामाची. नाही चाललं, तर मग तुम्हाला ग्राहकसेवेत घेऊ. तिथे माणूस हवाच आहे."

ग्राहकसेवा तळमजल्यावर होती. तिला खिडकी नव्हती. तिथे कानाला यंत्र लावून दिवसभर लोकांचा संताप ऐकायचा असे आणि प्रत्येक संतापाला 'आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' म्हणायचं असे. आधी तिथे असलेला माणूस आता घरीही फोन उचलत नव्हता.

एक तारखेला अजून पंचवीस दिवस होते. नियमांचं एक पान लिहायला अर्धा दिवस पुरला असता, आणि टीपकाकांनी ते अर्ध्या दिवसात लिहिलंही. बटणाचं नाव ठळक. पायऱ्यांना आकडे. एका पायरीत एकच काम. सूचना चौकटीत. साडेपाचला मानवजातीचा पहिला टप्पा खरोखर संपला. गोष्ट इथेच थांबली असती, पण ते पान खिशात घालून टीपकाका घरी निघाले आणि जिन्यात त्यांना कोर्टातले कारकून भेटले.

हे कारकून दुसऱ्या मजल्यावर राहत. त्यांना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण कोर्ट त्यांच्यातून निवृत्त झालं नव्हतं. भाजीची पिशवी पायरीवर टेकवून त्यांनी ते पान उभ्या-उभ्या वाचलं.

"शेजारी, यात व्याख्या कुठे आहेत?"

"कसल्या व्याख्या?"

"तुम्ही म्हणता, बटणाचं नाव ठळक. बटण म्हणजे काय? उद्या कुणी म्हणेल, ते बटण नाही, ते चित्र आहे. तुम्ही काय करणार?"

टीपकाकांनी तळहातावर 'बटण?' असं लिहून घेतलं.

"आणि हे नियम मोडले तर काय, ते कुठे लिहिलंय? ज्याला शिक्षा नाही तो नियम नाही, ती इच्छा झाली. एक कलम घाला: सगळ्यांच्या सह्या झाल्याशिवाय कोणतीही पुस्तिका इमारतीबाहेर जाणार नाही. मग बघा कशी शिस्त लागते ते."

त्या आठवड्यात व्याख्यांचीच आठ पानं झाली. 'बटण', 'पडदा', 'वापरणारा' आणि 'वापरणाऱ्याच्या शेजारी उभं राहून सल्ला देणारा' या चौघांची स्वतंत्र व्याख्या करण्यात आली. सह्यांचं कलम नववं.

मग टीपकाकांच्याच इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या रंगाऱ्याला कुणकूण लागली. हा दुकानांच्या पाट्या रंगवणारा माणूस. बोटांची नखं कायम कुठल्या ना कुठल्या रंगाची, आणि मतं तर त्याहून पक्क्या रंगाची.

"सूचना चौकटीत घालणार म्हणता? चौकट कोणत्या रंगाची?"

"काळी."

"काळी चौकट म्हणजे कुणीतरी गेलं," रंगारी म्हणाला. "हे बघा काका, साधी टीप असेल तर निळी. जपून करायचं असेल तर पिवळी. करूच नका असं असेल तर लाल. आणि केलंच असेल तर आता काय, त्याला करडी. आणि एक, सगळ्या पुस्तिकांचं कव्हर एकसारखं ठेवा. पन्नास दुकानांच्या पाट्या एका रंगात केल्या की रस्ता कसा देखणा दिसतो."

"पण मग दुकान ओळखू कसं येतं?"

"ते आत गेलं की कळतंच," रंगारी म्हणाला.

म्हणून दहावा नियम झाला: सर्व पुस्तिकांचं कव्हर निळं, त्यावर मध्यभागी फक्त 'माहितीपुस्तिका' हा एकच शब्द, बाकी तपशील आत. या नियमाकडे वाचकांनी जरा लक्ष ठेवावं. टीपकाकांनी ठेवलं नाही.

रंगांची चाचणी घरातच घेणं भाग होतं. मंगळवारी गिझरवर पिवळी चौकट लागली, 'इशारा: पाणी गरम असू शकते'. बुधवारी इस्त्रीवर लाल. गुरुवारी साखरेच्या डब्यावर निळी, 'टीप: हा डबा मिठाच्या डब्यासारखा दिसतो.' बायको चार दिवस गप्प होती. लग्नाला एकतीस वर्षं झालेल्या माणसानं त्या गप्प राहण्याचा अर्थ ओळखायला हवा होता. शुक्रवारी टीपकाका कपाटापाशी गेले तर आरशावर एक सुबक निळी चौकट होती:

'टीप: ओला टॉवेल पलंगावर ठेवू नये.'

खाली पिवळी: 'इशारा: हे पूर्वीही सांगितलेले आहे.'

त्याखालची लाल चौकट रिकामी होती.

"लाल चौकटीत काय आहे?" त्यांनी दबकत विचारलं.

"अजून काही नाही," बायको म्हणाली. "जागा राखून ठेवलीये."

टीपकाकांनी टॉवेल उचलला आणि मनाशी नोंद केली की रिकाम्या लाल चौकटीचा परिणाम भरलेल्या चौकटीपेक्षा जास्त होतो. तो एकोणिसावा नियम झाला.

आता प्रश्न उरला नमुन्याचा. पायऱ्या कशा लिहायच्या हे दाखवायला एखादं पूर्ण उदाहरण हवं. सॉफ्टवेअरमधलंच घ्यावं तर दाढीवाला प्रोग्रामर आडवा येत होता. हा सद्गृहस्थ, दोन मुलांचा बाप, दिवसभर एक शब्द बोलत नसे. फक्त रोज दुपारी कुठलं तरी एक बटण डावीकडून उजवीकडे हलवत असे.

"हे कालच तिकडे होतं ना हो?" टीपकाका विचारत.

"तिथे ते खूश नव्हतं," प्रोग्रामर म्हणे.

तेव्हा टीपकाकांनी ठरवलं, नमुना असा घ्यायचा की ज्यात काही हलत नाही आणि जो जगात सगळ्यांना कळतो. अंडं कसं उकडावं. रविवारी सकाळी ते वही, पेन्सिल आणि घड्याळ घेऊन स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसले.

"आता काय?" बायकोनं विचारलं. शेगडीवर दूध तापत होतं.

"तू फक्त अंडं उकड. मी जसंच्या तसं उतरवून घेतो. बोलायचं नाही, नाहीतर तेही लिहावं लागेल."

बायकोनं दूध उतरवलं, त्याच जाळावर भांडं ठेवलं आणि कामाला लागली. टीपकाका बघत होते आणि लिहीत होते. पायरी एक, अंडं ताजं आहे याची खात्री करा. पायरी दोन, भांड्यात पाणी घ्या आणि भांडं शेगडीवर ठेवा. पायरी तीन, अंडं अलगद पाण्यात सोडा. पायरी चार, आठ मिनिटं थांबा. पायरी पाच, अंडं थंड पाण्यात टाकून त्याचं कवच चमच्यानं हलकेच फोडा. आकडे ठळक, प्रत्येक पायरीत मोजून एक किंवा फार तर दीड काम, पायरी एकखाली निळ्या चौकटीत 'टीप: ताजं अंडं पाण्यात बुडतं, शिळं तरंगतं.' इतका देखणा मजकूर आपल्या हातून पूर्वी कधी झाला नव्हता असं त्यांना मनापासून वाटलं. अंडंही चांगलं झालं होतं. ते त्यांनी खाल्लं.

एव्हाना एक पानाची चौसष्ट पानं झाली होती. नमुना एकोणतिसाव्या पानावर आला, आणि एकेचाळिसाव्या पानावर सवयीनं चहाची ओळ जाऊन बसली. आता नवव्या कलमाप्रमाणे सह्या. नऊ जणांची समिती नेमली गेली. समिती हवी असं कुणीच म्हटलं नव्हतं, पण नऊ माणसं एका खोलीत बसली की समिती आपोआप तयार होते.

पहिली बैठक पायरीच्या आकड्यापुढे टिंब द्यावं की कंस, यावर झाली. दुसरी बैठक पहिल्या बैठकीत नक्की काय ठरलं यावर. तिसऱ्या बैठकीत हिशेबनीस पहिल्यांदा बोलले. हे गृहस्थ नाकाच्या शेंड्यावर चष्मा ठेवून जगाकडे वरच्या फटीतून बघत.

"पान एकोणतीस," ते म्हणाले. "मी अंडं खात नाही."

"खायचं नाहीये हो," टीपकाका म्हणाले. "उदाहरण आहे ते."

"ज्या कागदावर अंडं आहे त्या कागदावर मी सही कशी करू? उद्या घरच्यांनी पाहिलं तर?"

"घरचे माहितीपुस्तिकेची नियमावली कशाला वाचतील?"

हा प्रश्न टीपकाकांच्या तोंडून गेला आणि त्यांचं त्यांनाच वाईट वाटलं.

"बटाटा करा की," विक्रीतल्या दोघांपैकी एकजण म्हणाला. त्याला जेवायला जायचं होतं. "बटाट्याला कुणाचीच हरकत नसते."

ठराव एकमतानं मंजूर झाला. टीपकाकांनी संगणकाला हुकूम दिला: जिथे जिथे अंडं असेल तिथे तिथे बटाटा घाल. संगणकानं दोन सेकंदांत घातला. मग टीपकाकांनी एक आख्खी दुपार बसून 'ताजं'चं 'ताजा' केलं, 'त्याचं' तसंच ठेवलं, पायरीच्या आकड्यांमागे टिंबं दिली, चौकटींची जाडी मोजली. एकोणतिसावं पान नऊ जणांनी डोळ्यांखालून घातलं. टिंब बरोबर होतं, समास बरोबर होता, निळा रंग ठरला तोच होता. नऊ सह्या झाल्या. ताजा बटाटा पाण्यात बुडतो, शिळा तरंगतो आणि आठ मिनिटांनी चमच्यानं हलकेच फोडल्यास त्याचं कवच निघतं, हे सत्य कंपनीनं अधिकृतपणे स्वीकारलं.

तारीख सत्तावीस.

वाचनालयाची पुस्तिका अजून लिहायची होती.

टीपकाकांनी ती तीन दिवसांत लिहिली. आणि खरं सांगायचं तर ती त्यांची आजवरची सगळ्यात चांगली पुस्तिका होती. वेळच नसल्यानं टीपा घालता आल्या नव्हत्या. सव्वीस पानं, स्वच्छ, पुस्तक देण्यापासून परत घेण्यापर्यंत सगळं सरळ. शेवटच्या दिवशी दुपारपर्यंत सहा सह्या झाल्या. मग प्रोग्रामरनं 'परत घ्या' हे बटण उजवीकडून डावीकडे नेलं.

"चित्र बारा आता चुकीचं आहे," तो सही न करता म्हणाला. एका दमात इतके शब्द तो त्या महिन्यात बोलला नव्हता.

"मग बटण परत तिकडे न्या ना."

"आता ते खूश आहे."

हिशेबनीस रजेवर होते. आठवी सही करणारे जेवायला गेले होते आणि अजून जेवत होते. टीपकाकांची मान सकाळपासून आखडली होती. त्यांनी दोन्ही गठ्ठे, एक वाचनालयात जायचा आणि एक नियमावलीचा, दप्तरी लावायचा, जावक टेबलावर ठेवले. टपाल बाहेर पाठवणाऱ्या बाई तिथे बसत. त्या कामात इतक्या काटेकोर होत्या की घड्याळसुद्धा त्यांच्याकडे बघून चालायचं.

"सह्या पुऱ्या झाल्या की वाचनालयाला पाठवून द्या," टीपकाका म्हणाले आणि मान धरून घरी गेले.

बाईंनी पाहिलं तर समोर दोन निळे गठ्ठे. दोन्हींवर मध्यभागी 'माहितीपुस्तिका'. एकावर सहा सह्या, एकावर नऊ. नियम नऊ बाईंना पाठ होता. विचार करण्यासारखं त्यात काही उरलंच नव्हतं.

एक तारीख उजाडली. टीपकाका टेबलाशी श्वास रोखून बसले होते. ग्राहकसेवेचा फोन वाजला नाही. दोन तारखेलाही वाजला नाही. तीन तारखेला मॅनेजरबाई स्वतः त्यांच्या टेबलाशी आल्या.

"काका, एकही फोन नाही. एकही. मी मालकांना सांगितलं. वाचनालयाकडून लेखी अभिप्राय मागवलाय, तो आला की तुमचं टेबल पक्कं."

टीपकाका इतके फुलले की आखडलेली मान सुटली. त्या सुटलेल्या मानेनं त्यांनी सहज डावीकडे पाहिलं. ट्रेमध्ये एक निळा गठ्ठा होता. वर चिठ्ठी: 'सह्या सहाच. नियम ९. परत. जावक.'

त्यांनी गठ्ठा उघडला. पुस्तक देणे, पुस्तक परत घेणे, चित्र बारा. मग त्यांनी मनातल्या मनात दुसरा गठ्ठा शोधला आणि तो कुठे आहे हे कळल्यावर मान पुन्हा आखडली, या वेळी दुसऱ्या बाजूला.

आता या माणसाची अडचण नीट समजून घेतली पाहिजे. खरं सांगावं तर टेबल जातं. न सांगावं तर अभिप्राय येणार, आणि त्यात बटाटा असणार. पण त्याहून एक मोठं कुसळ आत सलत होतं. तीन दिवस वाचनालयाचं काम बिनबोभाट चाललंय. पुस्तिकेशिवाय चाललं असेल, तर बावीस वर्षं आपण काय केलं? आणि पुस्तिकेमुळे चाललं असेल, तर ते बटाट्यामुळे चाललंय.

या विचारात असताना कुठेतरी काहीतरी वाजू लागलं. त्यांनी खिडकी पाहिली, घड्याळ पाहिलं, खणही उघडला. पलीकडून स्टेपलरवाला ओरडला, "काका, तुमचा फोन वाजतोय."

सतरा नंबर. टीपकाकांनी धूळ पुसली आणि उचलला.

"पुस्तिका लिहिणारे तुम्हीच का?" एका बाईंचा आवाज. "मी वाचनालयातून बोलतेय, ग्रंथपाल. जरा येऊन जाल का? पुस्तिकेबद्दल बोलायचंय. फोनवर बोलण्यासारखं नाही."

त्यांनी खरी पुस्तिका वर्तमानपत्रात गुंडाळली, काखेत मारली आणि निघाले. बसमध्ये त्यांनी कबुलीजबाबाचा मसुदा तयार केला. त्याला तीन टीपा होत्या.

वाचनालयाच्या लांबट खोलीत कार्डांची कपाटं भिंतीकडे तोंड करून उभी होती, वर्गाबाहेर काढलेल्या मुलांसारखी. काउंटरवर दोन सहायक संगणकावर टकाटक पुस्तकं देत होते.

"जमतंय का?" टीपकाकांनी अंदाज घेतला.

"त्यात काय न जमायचं?" एकजण म्हणाला. "सगळं पडद्यावरच लिहिलेलं असतं. 'परत घ्या' म्हटलं की परत घ्यायचं."

"आणि पुस्तिका?"

"ती आमच्या ग्रंथपालबाई घरी घेऊन गेल्या. आम्हाला बघायलासुद्धा मिळाली नाही."

टीपकाकांच्या बावीस वर्षांवर त्या सहायकानं अशी सहज रेघ मारली आणि पुढच्या वाचकाला म्हणाला, "हं, बोला."

ग्रंथपालबाई आतल्या खोलीत होत्या. अंबाड्यात पेन्सिल खोवलेली, समोर निळी पुस्तिका, तिच्यातून बाहेर आलेल्या कागदाच्या वीस-पंचवीस खुणा. टीपकाका ते बघतच राहिले. आपल्या पुस्तिकेला खुणा कशा दिसतात हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"बसा. तीस वर्षं झाली, या दारातून आत आलेलं काहीही मी वाचल्याशिवाय नोंदवत नाही. दिव्याच्या खोक्यावरचा मजकूरसुद्धा." त्यांनी पुस्तिकेवर हात ठेवला. "ही दोनदा वाचली."

"दोनदा," टीपकाका म्हणाले.

"कुठे लावावी हेच कळेना. पहिली आठ पानं वाचली तेव्हा वाटलं, कायद्यात लावावी. मग रंग आले, म्हटलं, चित्रकला. एकोणतीसपासून पाककला. शेवटी संकीर्णमध्ये लावली. पण काय नेटकं लिहिलंय. एका पायरीत एकच काम. हे मी बाहेर भिंतीवर लावणार आहे. आणि ती रिकामी लाल चौकट." बाईंनी ते पान उघडून दाखवलं. "ते अनुभवातून आलेलं दिसतं."

"हो," टीपकाका म्हणाले. काखेतला गठ्ठा घामानं ओला होत होता. "बाई, खरं म्हणजे एक सांगायचं होतं. ही पुस्तिका जी आहे ना, ती..."

"थांबा, आधी माझं होऊ द्या." बाईंनी खणातून एक पत्र काढलं. "तुमच्या ऑफिसनं अभिप्राय मागितलाय. तुमचं टेबल त्यावर ठरणार असंही लिहिलंय. लिहून तयार आहे. वाचा."

पत्र छोटं होतं. इतकी काळजीपूर्वक लिहिलेली पुस्तिका या वाचनालयात पूर्वी आलेली नाही, ती लिहिणाऱ्याला त्याच्या जागेवरून हलवू नये, असा मजकूर होता. टीपकाकांना तो नीट दिसेना. त्यांनी चष्मा पुसला. खाली सहीची जागा रिकामी होती. बाईंनी पेनाचं टोपण काढलं, पेन कागदाजवळ नेलं आणि तिथेच थांबवलं.

"सही करणारच होते. पण एकोणतिसाव्या पानावर अडलेय."

टीपकाकांनी डोळे मिटले.

"काल संध्याकाळी घरी वेळ होता. म्हटलं, इतकं नीट लिहिलंय तर करून बघावं. जसंच्या तसं केलं, आपलं डोकं म्हणून मध्ये घातलं नाही. बटाटा ताजा आहे याची खात्री केली. बुडाला. पाणी घेतलं, भांडं शेगडीवर ठेवलं. बटाटा अलगद सोडला. आठ मिनिटं थांबले. मग गार पाण्यात टाकला. तो आधीच गार होता, पण लिहिलं होतं म्हणून टाकला. चमच्यानं फोडायला गेले. कवच सापडलं नाही. तो आमच्याकडच्या बटाट्याचा दोष असेल म्हणून मी ते सोडून दिलं."

बाईंच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नव्हती. टीपकाकांच्या डोळ्यांपुढे रविवारचं स्वयंपाकघर उभं राहिलं. खुर्ची, वही, घड्याळ. आणि ते वही उघडण्याच्या आधीपासून तापत असलेलं दूध. मग तीन बैठका दिसल्या, टिंब, कंस, आणि त्याच पानाकडे बघून बघून केलेल्या नऊ सह्या. त्यातली पहिली त्यांचीच होती.

ग्रंथपालबाईंनी अंबाड्यातली पेन्सिल काढली, एकोणतिसावं पान उघडलं आणि दोन्ही त्यांच्यापुढे सरकवलं.

"एकेचाळिसाव्या पानावरच्या चहाचं आपण नंतर बघू," त्या म्हणाल्या. "आधी शेगडी कधी पेटवायची, तेवढं लिहून द्या. साधंच लिहा, चौकट नको."